बोटाला चिकटपट्टी, बिल ६२९ डॉलर : अमेरिकेत किरकोळ दुखण्यासाठी ‘इमर्जन्सी’त जाणं इतकं महाग का पडतं?

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं हे प्रकरण. वर्षभराच्या मुलीची नखं कापताना आईच्या हातून तिच्या बोटाला जरासं कापलं. रक्त थांबेना, म्हणून घाबरलेले आईवडील तिला घेऊन हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये पोचले. डॉक्टरांनी बोट पाण्याखाली धरलं, चिकटपट्टी लावली आणि घरी पाठवलं. काही दिवसांनी बिल आलं, ६२९ डॉलरचं. त्यात चिकटपट्टीचे होते ७ डॉलर. उरलेले ६२२ डॉलर तिथे जाऊन डॉक्टरांना दाखवल्याचे. पत्रकार सारा क्लिफ यांनी २०१६ मध्ये ‘व्हॉक्स’वर हे प्रकरण मांडलं आणि पुढे वाचकांकडून अशी हजारावर बिलं गोळा केली.

आजच्या दराने ही रक्कम ५० हजार रुपयांच्या वर जाते. एवढे पैसे नेमके कशाचे? आणि बिल असं येतं हे माहीत असूनही लोक तिथे का जातात?

बिलात असतं काय?

इमर्जन्सी रूमच्या बिलात मुख्यतः दोन भाग असतात. एक डॉक्टरांची फी. दुसरा भाग म्हणजे ‘फॅसिलिटी फी’, आणि खरी गोम तिथेच आहे. ही फी औषधाची नाही, तपासणीची नाही, डॉक्टरांचीही नाही. चोवीस तास दिवे चालू ठेवून, नर्स, यंत्रं, रक्तपेढी, ऑपरेशन थिएटर सगळं सज्ज ठेवण्याचा खर्च हॉस्पिटल येणाऱ्या प्रत्येकाकडून या नावाने वसूल करतं. म्हणजे एका अर्थी दारातून आत येण्याचं भाडं.

हे भाडं सगळ्यांना सारखं नसतं. रुग्णाला किती सेवा लागली त्यानुसार एक ते पाच अशा पायऱ्या असतात. पहिली सर्वात साधी, पाचवी सर्वात गंभीर. पायरी वाढली की रक्कम वाढते. आता गंमत पाहा. डॉक्टरांच्या फीची पायरी कशी ठरवायची याचे देशभर एकसारखे निकष आहेत, पण फॅसिलिटी फीची पायरी कशी ठरवायची याचा राष्ट्रीय नियम आजवर झालेलाच नाही. प्रत्येक हॉस्पिटल आपापली पट्टी वापरतं. एकाच तक्रारीला एका हॉस्पिटलात दुसरी पायरी लागू शकते आणि रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात चौथी.

हेल्थ केअर कॉस्ट इन्स्टिट्यूटच्या आकडेवारीवरून ‘व्हॉक्स’ने काढलेल्या हिशेबानुसार २००९ ते २०१५ या काळात इमर्जन्सीच्या फॅसिलिटी फीचे दर ८९ टक्क्यांनी वाढले. हॉस्पिटलातल्या बाकीच्या बाह्यरुग्ण सेवांचे दर ज्या वेगाने वाढले, त्याच्या दुप्पट हा वेग होता.

कधी कधी तर उपचारही होत नाहीत आणि बिल मात्र येतं. २०२१ मध्ये अटलांटाजवळच्या एका हॉस्पिटलात डोक्याला मार लागलेली एक महिला सात तास ताटकळली आणि डॉक्टरांना न भेटताच निघून गेली. तिला ६८८ डॉलरचं बिल आलं. नोंदणी झाली, फी लागली.

खर्च किती आणि किंमत किती?

हॉस्पिटलांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. रात्री तीन वाजता अपघाताचा रुग्ण आला तर सर्जन हजर हवाच, आणि त्या रात्री कुणीच आलं नाही तरी पगार द्यावा लागतो. तो खर्च कुठून तरी निघायला हवा. पण तो बोट कापलेल्या बाळाकडून काढायचा का, हा प्रश्न उरतोच.

या संदर्भात एक जुना अभ्यास अजूनही उद्धृत होतो. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगनमधल्या काही हॉस्पिटलांचा हिशेब छापून आला. तातडीची गरज नसलेल्या एका रुग्णामागे हॉस्पिटलला सरासरी ६२ डॉलर खर्च येत होता. आणि असा एक रुग्ण जास्तीचा आला तर वाढणारा खर्च होता अवघा २४ डॉलर. यंत्रणा तशीही सुरू असतेच, त्यामुळे एका खोकल्याने किंवा मुरगळलेल्या घोट्याने तिच्यावर फारसा बोजा पडत नाही. आकडे जुने आहेत, पण तर्क आजही लागू पडतो. किरकोळ दुखणं महाग असतं ते रुग्णासाठी. हॉस्पिटलसाठी ते बऱ्यापैकी स्वस्त असतं. ‘लोक उगाच इमर्जन्सीत गर्दी करतात म्हणून आरोग्यसेवा महागली’ असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात हा भाग सहसा येत नाही.

मग लोक साध्या दवाखान्यात का जात नाहीत?

आपल्याकडे रात्री नऊ वाजता मुलाला ताप आला तर कोपऱ्यावरचा दवाखाना उघडा असतो. अमेरिकेत फॅमिली डॉक्टरकडे आधी वेळ घ्यावी लागते आणि नव्या रुग्णाला ती मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी बहुतेक क्लिनिक बंद. फोन केला तर रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, ‘तातडीचं असेल तर जवळच्या इमर्जन्सी रूममध्ये जा.’ लोक तेच करतात. २०२२ मध्ये देशभरात अशा सुमारे १५.५ कोटी भेटी नोंदल्या गेल्या.

दुसरं कारण कायद्यातलं. ऐंशीच्या दशकात खासगी हॉस्पिटलं पैसे नसलेल्या रुग्णांना न तपासताच सरकारी हॉस्पिटलांकडे पिटाळत. त्यावर १९८६ मध्ये ‘एम्टाला’ हा कायदा आला. मेडिकेअर योजनेचे पैसे घेणाऱ्या आणि इमर्जन्सी विभाग असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलने, येणाऱ्या कुणाचीही विमा आहे की नाही हे न पाहता तपासणी केली पाहिजे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार दिले पाहिजेत, असं तो सांगतो. २०२३ मध्ये विमाच नसलेले अमेरिकन होते अडीच कोटींहून जास्त. त्यांच्यासाठी हमखास उघडं असणारं दार हेच. पण एम्टाला उपचाराची हमी देतो, फुकट उपचाराची नाही. बिल मागाहून येतंच.

‘किरकोळ’ हे ठरवणार कोण?

इथे वाद पेटतो. विमा क्षेत्रातल्या युनायटेडहेल्थ ग्रुपने २०१९ मध्ये एक हिशेब मांडला. खासगी विमा असलेले लोक वर्षाला २.७ कोटी वेळा इमर्जन्सीत जातात आणि त्यातल्या दोन तृतीयांश भेटी टाळता येण्याजोग्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं. ज्या दुखण्यांवर साध्या डॉक्टरकडे १६७ डॉलरमध्ये किंवा ‘अर्जंट केअर’ केंद्रात १९३ डॉलरमध्ये उपचार होतात, त्यांनाच इमर्जन्सीत सरासरी २,०३२ डॉलर लागतात. अर्थात, हा हिशेब पैसे देणाऱ्या कंपनीचा आहे हे लक्षात ठेवून वाचायला हवा.

कारण भेट ‘टाळता येण्याजोगी’ होती हे कळतं निदान झाल्यावर. छातीत दुखायला लागलं, माणूस धावत गेला, ईसीजी झाला, रक्त तपासलं आणि कळलं की ॲसिडिटी आहे. कागदावर निदान ‘ॲसिडिटी’. पण घरून निघताना त्याला ते कुठे ठाऊक होतं? २०१३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हेच मोजलं. अंतिम निदानावरून पाहिलं तर फक्त ६.३ टक्के भेटी साध्या दवाखान्यात भागल्या असत्या. पण हे रुग्ण ज्या तक्रारी घेऊन आले होते, त्याच तक्रारी घेऊन आलेल्यांचं प्रमाण एकूण भेटींच्या ८८.७ टक्के होतं. म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तक्रारीवरून तो किरकोळ की गंभीर हे सांगणं जवळपास अशक्य.

अमेरिकी कायद्यात यावर उत्तर आहे. ‘सामान्य समज असलेल्या माणसाला ही इमर्जन्सी वाटली असती का?’ हा निकष. १९९७ मध्ये तो मेडिकेअर आणि मेडिकेडमधल्या विमा कंपन्यांना लागू झाला, आणि २०१० च्या ‘ओबामाकेअर’ कायद्याने बहुतेक खासगी विम्यालाही. निर्णय लक्षणांवर करायचा, निदानावर नाही.

तरीही अँथम या विमा कंपनीने २०१७ च्या आसपास काही राज्यांत ‘हे दुखणं इमर्जन्सीचं नव्हतं’ म्हणत दावे फेटाळायला सुरुवात केली. सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांच्या २०१८ मधल्या अहवालानुसार मिसुरी, केंटकी आणि जॉर्जियात सहा महिन्यांत असे सुमारे १२ हजार दावे नाकारले गेले. ज्यांनी दाद मागितली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत कंपनीला निर्णय फिरवावा लागला. २०२१ मध्ये युनायटेडहेल्थकेअरने असंच धोरण जाहीर केलं, डॉक्टरांच्या संघटना आणि हॉस्पिटलं तुटून पडली, आणि काही दिवसांतच कंपनीने ते लांबणीवर टाकलं.

या ओढाताणीत रुग्णाला मिळणारा संदेश विचित्र आहे. गेलात आणि काही निघालं नाही, तर खिशाला भुर्दंड. नाही गेलात आणि काही निघालं, तर जिवाशी खेळ.

विमा असेल तरी भुर्दंड का?

एक कारण ‘डिडक्टिबल’. वर्षाला ठरावीक रक्कम आधी स्वतःच्या खिशातून भरायची, मग विमा सुरू. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात ज्यांना हे डिडक्टिबल आहे, त्यांच्यासाठी एका व्यक्तीची सरासरी रक्कम २०२४ मध्ये १,७८७ डॉलर होती. किरकोळ दुखण्याचं बिल बहुतेकदा या रकमेच्या आतच संपतं. म्हणजे भरायचं सगळं रुग्णानेच.

दुसरं कारण ‘नेटवर्क’. हॉस्पिटलचा विमा कंपनीशी करार नसेल तर कंपनीने दिलेल्या पैशांपलीकडची रक्कम रुग्णाच्या गळ्यात पडायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुकरबर्ग सार्वजनिक हॉस्पिटलचा कोणत्याच खासगी विमा कंपनीशी करार नव्हता. सायकलवरून पडून हात मोडलेल्या एका तरुणीला तिथून २० हजार डॉलरहून जास्त रकमेचं बिल आलं. २०१९ मध्ये याची बातमी झाल्यावर गदारोळ झाला आणि हॉस्पिटलला धोरण बदलावं लागलं. १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’ने इमर्जन्सीतली अशी वरकड वसुली बंद केली. पण त्यात एक मोठी फट राहिली. हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स कायद्यात आली, रस्त्यावरून धावणारी साधी ॲम्ब्युलन्स आली नाही.

तिसरी अडचण निव्वळ पाट्यांची. टेक्सास, कोलोरॅडोसारख्या राज्यांत शॉपिंग सेंटरमध्ये ‘स्वतंत्र इमर्जन्सी’ केंद्रं आहेत. बाहेरून ती अर्जंट केअरसारखीच दिसतात. टेक्सासमधल्या एका अभ्यासानुसार २०१५ मध्ये अर्जंट केअरची एक भेट सरासरी १६८ डॉलरला पडायची आणि या स्वतंत्र केंद्रातली सुमारे २,२०० डॉलरला. पाटीवर ‘इमर्जन्सी’ किंवा ‘ईआर’ असं काही लिहिलं असेल, तर भाव इमर्जन्सीचाच.

आईबाबा अमेरिकेला निघालेत?

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी हा सगळा मामला फार दूरचा नाही. इथली बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी तिथे चालत नाही. शिवाय आपल्याकडे विमा मुख्यतः दाखल झाल्यावरच पैसे देतो, त्यामुळे ‘कॅज्युअल्टीत दाखवून परत आलो’ याचं बिल विम्यात बसवायची सवयच नसते. तिथल्या बिलाचा अंदाज येत नाही तो त्यामुळेही.

प्रवासी विमा घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा : योजना ‘फिक्स्ड बेनिफिट’ आहे का? असल्यास इमर्जन्सीच्या एका भेटीला ती ठरलेली छोटी रक्कम देते, बाकीचं बिल कितीही असो. हप्ता स्वस्त असतो, म्हणून अनेक जण हीच घेतात. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ योजना डिडक्टिबलनंतर प्रत्यक्ष बिलाचा मोठा वाटा उचलते. मात्र काही योजनांत इमर्जन्सीत जाऊन दाखल न होता परत आल्यास जादा रक्कम स्वतः भरावी लागते. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब याबाबतच्या अटी बारीक अक्षरात असतात आणि दावे अडकतात ते बहुतेकदा तिथे. ‘नो सरप्रायझेस’चं संरक्षणही या प्रवासी विम्याला लागू नाही.

ताप, खोकला, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय, चार टाके पडतील अशी जखम यासाठी अर्जंट केअर पुरतं. जवळचं केंद्र कुठलं, ते किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि आपला विमा घेतं का, हे पोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलेलं बरं. छातीत दुखणं, श्वास लागणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, डोक्याला मार, न थांबणारा रक्तस्राव असेल तर मात्र पैशाचा हिशेब बाजूला ठेवून थेट ९११.

आणि बिल आलंच तर लगेच भरून टाकायची घाई नको. प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं तपशीलवार बिल मागता येतं आणि त्यात कोणती पायरी लावली हे दिसतं. ती चढवलेली वाटली तर फेरतपासणी मागता येते. अमेरिकेतली बरीच हॉस्पिटलं ‘ना-नफा’ आहेत आणि करसवलतीच्या बदल्यात त्यांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठीचा अर्ज त्यांना स्वीकारावा लागतो. पाहुण्या म्हणून आलेल्या रुग्णाला ती मदत मिळेल की नाही, हे त्या त्या हॉस्पिटलच्या धोरणावर अवलंबून. बिलिंग विभागाला फोन करून विचारायचं, उत्तर लेखी मागायचं आणि बोलणाऱ्याचं नाव व तारीख टिपून ठेवायची.