निशाणी डावा अंगठा

खापरखेड्याच्या बाजारात झेरॉक्सचे एक दुकान आहे. ठेकेदार बदलला की आसपासच्या कामांवर रोजंदारीने जाणाऱ्या मजुरांची तेथे रीघ लागते. कारण काम तेच, फाटक तेच आणि माणूसही तोच असला, तरी नव्या ठेकेदारास आधार, पॅन, बँकेचे पासबुक व दोन फोटो हा सारा सरंजाम नव्याने हवा असतो, आणि जुन्याच्या दफ्तरी पडलेल्या कागदांचे पुढे काय झाले हे विचारण्याचा प्रघात नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका वयस्क कामगाराने मात्र ते विचारले. “काहून जी, काम सुटल्यावर हे कागद वापस भेटते का?” ठेकेदारासाठी कागद गोळा करणारा पोरगा हसला, रांग हसली, आणि खोटे कशाला सांगू, मीही हसलो. त्याच संध्याकाळी नाक्यावर ज्या कागदात मला भजी बांधून मिळाली, त्यावर कोणा इसमाचा फोटो, जन्मतारीख व गाव तेलाच्या डागांतूनही स्पष्ट वाचता येत होते, तेव्हा ते हसू ओशाळले.

अशा प्रसंगी शहाणी माणसे “कर नाही त्याला डर कशाला” ही म्हण पुढे करतात. आरोप करणारा, आरोपी आणि पंच हे तिघेही जेव्हा एकाच पारावर बसत, तेव्हा ती खरीही असेल. परंतु ज्याच्या कागदावर भलत्यानेच मोबाइलचे सिम घेतले वा कर्ज उचलले, त्याच्या बाबतीत कर एकाचा आणि डर दुसऱ्याच्या वाट्याला असा उफराटा न्याय होतो. कोळसा उपसून, सिमेंट कालवून ज्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा ‘उठत नाही’ म्हणून रेशन दुकानातील यंत्र नाकारते. त्याचा अपराध कोणता? शिवाय ही म्हण ऐकविणारे गृहस्थ आपले पगारपत्रक शेजाऱ्याला दाखवीत नाहीत, हे मी वसाहतीत राहून पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आव आणतो. खासगीपण ही विलायती कल्पना. ओसरीवर आणि चाळीत वाढलेल्या आपल्या समाजाला, त्यातही गरिबाला, तिचे काय? पण 1897 साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई घरांत शिरले आणि त्यांनी माजघराचा वा देवघराचा मुलाहिजा राखला नाही, तेव्हा शहर रोगाने गांजले त्याहून या तपासणीने अधिक पेटले, आणि 22 जूनच्या रात्री त्या मोहिमेचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्या हत्येचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. मात्र उंबरठ्याची जाण आम्हास परदेशातून मागवावी लागली नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. कल्याणकारी योजनांच्या लाभापुढे खासगीपणाने माघार घ्यावी, असा युक्तिवाद केंद्र सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयातही झाला होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्यात आमच्या नागपूरचे शरद बोबडेही होते, खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले, आणि ही वरच्या वर्गाची चैन आहे ही समजूतही निकालातच काढली.

उरला तो सर्वांत चिवट आक्षेप. लोक मुकाट्याने माहिती देतात, त्या अर्थी घेणाऱ्यावर त्यांचा विश्वास आहे! असे म्हणणाऱ्यांनी सुप्याच्या बाजाराची आठवण ठेवावी. कुणबी सावकाराच्या रोख्यावर नांगराची निशाणी करीत असे, पुढे तिची जागा डाव्या अंगठ्याने घेतली. कागदोपत्री ती राजीखुशीचीच. त्या राजीखुशीचा अर्थ 12 मे 1875 रोजी कळला. त्या दिवशी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध उसळून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यात लोकांनी प्रामुख्याने मागितले ते रोखे आणि हुकूमनामे. जेथे ते निमूटपणे स्वाधीन झाले तेथे सहसा पुढे काही घडले नाही. राग होता तो आपल्याविषयी लिहिलेल्या, पण आपल्याला न वाचता येणाऱ्या आणि दुसऱ्याच्या पेटीत कुलूपबंद असलेल्या कागदावर. त्या दंग्यानंतर आलेल्या 1879 च्या कायद्याने हे दुखणे ओळखले: रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, ऋणकोला पावती व सालाचा हिशेब मागता यावा, आणि न्यायाधीशाने रोख्यामागचा मूळ व्यवहार उकरून पाहावा. सावकारी त्याने संपली नाही, ही गोष्ट निराळी.

मंडन करावयाचे ते याच धाग्याने. आमच्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत अर्ध्या गावाची अब्रू लिहिलेली आहे. कोणाचा पगार रखडला, कोणाकडे पाहुणे वाढले, कोणाच्या घरी दुखणे आहे, हे त्याला तेलाच्या पिशव्यांवरून कळते. तरी त्या वहीचे भय कोणास वाटत नाही. कारण ती गल्ल्यावर उघडी असते, तीतल्या नोंदीवर बोट ठेवून भांडता येते, आणि दुकानदाराच्या घरची खबरही गावाला तितकीच असते. विश्वास म्हणजे ही दुतर्फा ओळख आणि जाब विचारण्याची सोय. एकाने सर्व जाणावे आणि दुसऱ्याने केवळ अंगठा द्यावा, या व्यवहारास नाइलाज हे नाव आहे.

आधारमुळे खात्यात थेट रक्कम पडू लागली आणि मधल्या काही हातांचा चिकटपणा गेला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2023 च्या विदासंरक्षण कायद्यानेही आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा व पुसून घेण्याचा हक्क कागदावर दिला, कसूर करणाऱ्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. नियम मात्र 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य बंधनांना आणखी 18 महिन्यांची मुदत मिळाली. सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते, आणि खोटी तक्रार करणाऱ्या नागरिकास 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. गावच्या निबंधकाची जागा कोण घेणार, हे मात्र मला त्यात सापडले नाही.

हल्ली मी प्रतीवर आडवी रेघ ओढून कोणत्या कामासाठी दिली ते व तारीख लिहितो. परवा तोच वयस्क कामगार दुकानात भेटला. “माह्यावरबी लिहून द्या जी,” म्हणाला. मी लिहिले, त्याने खाली जपून अंगठा उमटविला. पोराने कागद उलटसुलट पाहून परत केला. “असा नाही चालत काका, कोरा आणा.” त्याने खिशातून दोन रुपये काढून दुकानदारापुढे ठेवले.