पट्टीवरचा आकडा

मंडळी, नातवाशी माझं भांडण झालंय. तोही हे वाचतो, म्हणून इथेच मांडतो.

मी टर्मिनलमध्येच लिहितो. (हसू नका, काळ्यावर पांढरी अक्षरं म्हणजे आमचा फळाच की!) दिवाळीत आला तेव्हा त्याने टीमक्सच्या खालच्या पट्टीत न वाचलेल्या ईमेलचा आकडा बसवून दिला. पट्टी दर १५ सेकंदांनी ताजी होते. मी एक वाक्य लिहितो, डोळे खाली जातात. दुसरं लिहितो, पुन्हा खाली!

जुन्या युनिक्सवाल्यांना हे जास्त कळत होतं. बॅश आजही टपालपेटी तपासतो, पण कधी? तुमचं काम संपून नवा प्रॉम्प्ट दाखवायच्या आधी, तेही मागच्या तपासणीला ६० सेकंद उलटले असतील तरच. नवीन टपाल आहे, एवढं एका ओळीत सांगून गप्प. आमच्या शाळेतला शिपाई असाच नोटीस घेऊन दारात उभा राहायचा, माझं वाक्य संपेपर्यंत. एक्सबिफमध्ये तर नुसतं पत्रपेटीचं चित्र असे. टपाल आलं की झेंडा वर. मोजदाद नाही. त्याआधी १९८० च्या सुमारास बर्कलीत झालेला बिफ (हे एका कुत्र्याचं नाव बरं का) पत्र कुणाचं तेही दाखवायचा.

आणि आकडा काय सांगतो? मे महिन्यात पट्टीवर ४१२ होते, ते ४१३ झाले. बँकेचं स्टेटमेंट, विम्याची आठवण, कसलासा सेल, प्रत्येकी एक गुण. ४१३वी मेल मित्राच्या मुलीची होती. "बाबांना दवाखान्यात ठेवलंय, तुमची फार आठवण काढतात." तिलाही एकच गुण. मी ती नऊ दिवसांनी वाचली. मित्र आता घरी आहे, बरा आहे. उशीर का केलास, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. तेच टोचतंय.

नातू म्हणतो, "आजोबा, रोज सगळ्या उघडत जा, शून्य होईल." म्हणजे आकड्याचं समाधान व्हावं म्हणून मी जाहिराती उघडायच्या? वह्या न वाचता 'पाहिले' लिहून सह्या ठोकणारे मास्तर मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचंही रोज शून्यच व्हायचं!

तर बाळा, शनिवारी येशील तेव्हा तो आकडा काढ. ठरावीक माणसांची मेल आली तरच एक टिंब दिसू दे. यादी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आहे, सात नावं आहेत. आठवं तुझ्या आत्याचं, पण ती रोज दहा फॉरवर्ड पाठवते. तिचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू.