आडनाव न विचारणारी खोली



या अंकात कवितांच्या आधी दारूचं बोलतो. ज्याला नाक मुरडायचं त्यानं मुरडावं.

आपल्या वस्तीत नळ तासभर येतो, गुत्ता दिवसभर उघडा. गटारात उतरणारा सफाई कामगार घाण सोसवत नाही म्हणून आधी दोन घोट मारतो, मग उतरतो. नाक्यावर काम न मिळालेला पितो, मिळालेलाही पितो. निवडणुकीच्या आदल्या रात्री बाटल्यांची खोकी कुणाच्या दारात उतरतात, हे काय सांगायला पाहिजे? २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं माणसं मेली. मालवणीत शंभरावर. त्यात मलबार हिलचं कुणी नव्हतं.

सरकार एका हातानं उत्पादन शुल्क गोळा करतं, दुसऱ्या हातानं व्यसनमुक्तीची पोस्टरं चिकटवतं. त्याच सरकारच्या २०१९ च्या पाहणीचा हिशेब वाचा. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळतो. उरलेल्या सदतिसांना काय मिळतं? बायकोचे शिव्याशाप आणि आपली भाषणं.

होय, आपली. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शीलही तेच. आपण ती मोठ्यानं म्हणतो. पण शरीरच दारू मागायला लागलं की तो आजार झाला, आणि आजारी माणसाला नुसती प्रतिज्ञा पुन्हा म्हणायला लावून काय होणार? दारू सोड म्हणणारे पुष्कळ. सोडायची कशी, हे सांगणारा एक नाय.

म्हणून एका कार्यकर्त्या मित्राबरोबर मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला गेलो. ए.ए. म्हणतात ती. ‘ओपन’ मीटिंगला न पिणाराही बसू शकतो. शाळेचा वर्ग, खुर्च्या, चहाची किटली. एकेक जण उठतो, नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. मधे कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, सभासद जमेल ते टाकतात. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. अट एकच : दारू सोडायची इच्छा. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे उभं राहिलं. बुडालेल्याचं बुडालेल्यालाच कळतं, एवढंच त्याचं तंत्र.

आणि तिथं आडनाव विचारत नाहीत! पहिलं नाव पुरतं. या देशात हे काय थोडं झालं? बँकेतला साहेब आणि कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस एकाच किटलीतला चहा पीत होते. एवढ्यानं जात मेली असं मी म्हणत नाही. मीटिंग सुटल्यावर ‘राहायला कुठं?’ हा प्रश्न आलाच. पण त्या तासाभरात तो नव्हता.

आपल्या पोरांना तिथं दोन गोष्टी खुपतील. पहिली पायरीच सांगते, दारूपुढं मी हतबल आहे. हजारो वर्षं हतबल ठेवलेल्यांनी पुन्हा तेच म्हणायचं? मी म्हणतो, म्हणा. ही कबुली बाटलीपुढची आहे, मालकापुढची नाही. हात थरथरत असले तर मूठ कशी वळणार? दुसरी गोष्ट देव. बारा पायऱ्यांत तो पुन्हा पुन्हा येतो. पण ज्याला जसा समजला तसा, अशी मोकळीक तिथंच लिहिलेली आहे. देव न मानणारे त्या खोलीतल्या माणसांनाच मोठी शक्ती मानतात. तेही पटत नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे.

आता कामाचं. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम दारू तोडायला लावू नका. फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी सरकारी किंवा महापालिकेच्या इस्पितळात मानसोपचार विभाग गाठा. जवळची मीटिंग कुठं भरते हे तिथंच विचारा, किंवा १४४४६ या सरकारी मोफत हेल्पलाइनला फोन करा. घरच्यांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट असतात, वहिनीला तिकडं न्या. पहिल्या दिवशी दोस्ताला एकट्याला धाडू नका, बसचं तिकीट तुम्ही काढा. तो घसरला तर हसू नका, पुन्हा न्या. तिथं आयुष्यभराची शपथ मागत नाहीत, फक्त आजचा दिवस मागतात.

ए.ए.वाले गुत्त्याविरुद्ध मोर्चा काढणार नाहीत, बाहेरच्या भांडणात पडायचं नाही हा त्यांचा नियमच आहे. मोर्चा आपला. पण मोर्च्यात चालायला माणूस जिवंत पाहिजे. तेव्हा विहाराच्या, समाजमंदिराच्या कमिटीला आजच सांगा : आठवड्यातली एक संध्याकाळ, एक खोली मोकळी ठेवा. भाडं ते देतील. झेंडा लावायचा नाही, भाषण करायचं नाही, दाराशी उभं राहून कोण आला ते मोजायचं नाही. किल्ली द्यायची आणि निघायचं.