कुडाची भिंत

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, डहाणूचा फाटा फुटतो तेथे चारोटी हे गाव आहे. नाक्यावर मोटारींची अखंड वर्दळ असते. पण रस्ता सोडून आतल्या पाड्यांकडे वळले, की वारली लोकांची जुन्या घडणीची घरे अजून दृष्टीस पडतात. कारवीच्या काठ्या एकमेकींस लगटून उभ्या करावयाच्या, आडव्या कामट्यांनी त्या आवळावयाच्या आणि वर शेणमातीचा गिलावा द्यावयाचा, म्हणजे कुडाची भिंत तयार होते. छपराचा भार ती वाहत नाही. तो लाकडी मेढींवर असतो.

अशी घरे पाडून टाकावीत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या परिसरात घरांना तडे गेले आणि ऐन थंडीत माणसांनी तंबूंत रात्री काढल्या. जमीन हलू लागली म्हणजे घराचे वजन हाच घराचा वैरी होतो. कूड हलका असतो. तो डोलतो, त्याचा गिलावा झडतो, पण तो पुन्हा लिंपता येतो. मधे आधाराचे खांब आणि पट्टे न घालता रचलेली विटांची भिंत डोलत नाही. ती फुटते, आणि आत निजलेल्यांच्या अंगावर येते.

मात्र जुने तेवढे सारे चांगले, असेही कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती जुन्याच घरांत. तेथे दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंफलेले नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. त्याच घरांतील लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे मात्र अनेक ठिकाणी उभे राहिले. तेव्हा घराचा कोणता भाग राखावा व कोणता बदलावा, हे त्याचे वय पाहून नव्हे, तर त्याची बांधणी पाहून ठरवावे लागते.

कुडाच्या घरातही दोष आहेत. काठ्यांचे बुंधे ओलीने कुजतात, वाळवी लागते, खिडकी नसल्याने चुलीचा धूर कोंडतो. यासाठी जोते दगडाचे व उंच करावे, कुजल्या तेवढ्याच काठ्या बदलाव्यात, धुराला वाट ठेवावी, मेढी व वासे नीट जखडावेत. पण कुडाला सिमेंट फासू नये. ते कुडाबरोबर हलत नाही; त्याला चिरा पडतात, त्यांतून पाणी शिरते, आणि आतल्या आत काठ्या कुजत राहतात. कौले काढून पत्रा घातला, तर चैत्र-वैशाखात दुपारी घरात बसवत नाही. नव्या घराचा आराखडा काढणाऱ्याने अशा एका घरात एक दुपार बसून पाहावे. घर लिंपणाऱ्या बाईला चार प्रश्न विचारावेत.

शहरांतील उपाहारगृहांच्या भिंतींवर आज वारली चित्रे हौसेने काढली जातात. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने ज्या भिंतीवर रेखीत, ती गेरूने सारवलेली कुडाची भिंत होती. त्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी कारवी मात्र आजही डोंगरातूनच तोडून आणावी लागते.