किराण्याच्या यादीतला डाळीचा आकडा

चाकणजवळच्या खराबवाडीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. पती कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. सासूबाई आणि तीन मुले घरात. मटण आता ईदपुरते येते, बडे जनावर मिळेनासे झाले, मग घरच्यांच्या अंगाला लागेल असे काय शिजवायचे, हा त्यांचा प्रश्न. आयटीआयला जाणारा थोरला मुलगा जिममध्ये नाव घालून आला आहे आणि पावडरचा डबा मागतो आहे, हा दुसरा. असे प्रश्न आम्हाला शाळेच्या फाटकापाशी पालकही विचारतात, म्हणून यावेळचे पान त्यालाच देतो.

आधी बडे जनावराचे. गायीची कत्तल महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यानेच बंद होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या वर्गातली जनावरे त्या दुरुस्तीत नाहीत, पण बाजारात माल कमी आणि मनात धास्ती जास्त, त्यामुळे पुष्कळ घरांनी तो नादच सोडला. कायद्याची चर्चा या पानावर नको. इतके मात्र खरे की पिंपरी, कासारवाडी, कुदळवाडीकडच्या कष्टकरी घरांत पाव किलो मांस आठवड्यातून दोन-तीनदा स्वस्तात येत होते, ते गेले. त्याची जागा रविवारच्या ब्रॉयलर कोंबडीने घेतली, आणि आपल्याला वाटले, भरपाई झाली.

ती झालेली नाही. रविवारी पाच माणसांत अर्धा किलो कोंबडी आणली, तर हाडे वजा जाता प्रत्येकाला साठ-सत्तर ग्रॅम मांस येते. त्यातून प्रथिने मिळतात १३-१४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, तेही रोज. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत याच्यावर आणखी २२ ग्रॅम. चरबी शरीर साठवते, तशी प्रथिनांची कोठी त्याच्याकडे नसते. रविवारी चार तुकडे जास्त खाल्ले म्हणून ते बुधवारी कामाला येत नाहीत. तेव्हा रविवारी ताटात काय होते यापेक्षा सोमवार ते शनिवार काय होते, हे विचारले पाहिजे.

आता किराण्याची यादी काढा. पगार झाला की आपण भरतो ती, महिन्याची. त्यात तेल किती, साखर किती, चहापूड किती आणि डाळ किती, हे पाहा. त्याच संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत; अंडी-मांस खाणाऱ्याने त्यातला काही भाग त्यांतून घ्यावा. पाच जणांचे महिन्याचे हे पावणेतेरा किलो होतात. मुलांचे कमी धरा, रविवारची कोंबडी आणि मधली अंडी वजा करा, तरी सात-आठ किलोंच्या खाली येत नाही. आमच्या ओळखीच्या घरांत हा आकडा दोन किलो, फार तर तीन. साखर मात्र पाच किलो! खराबवाडीच्या भगिनीला आमचे पहिले उत्तर हेच आहे की मटणाचा भाव विसरा आणि यादीतला डाळीचा आकडा वाढवा. एका महिन्यात नाही जमणार. दर महिन्याला एकेक किलो वाढवा, साखरेचा एकेक कमी करा.

कोणती डाळ, याचा फार घोळ घालू नये. तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, मटकी, हुलगे, सगळ्यांत शंभर ग्रॅममागे वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने आहेत. तूर महागली की तुरीलाच चिकटून का बसायचे? मसूर बहुतेक वेळा तिच्याहून स्वस्त असते आणि निम्म्या वेळात शिजते. गॅस वाचतो तो वेगळाच. लातूर-बीड-परभणीकडून या पट्ट्यात कामाला आलेल्या घरांना हुलग्याचे माडगे आणि मटकीची उसळ नवी नाही. पण शहरात आल्यावर ती 'गावाकडची' म्हणून मागे पडली आणि मुलांच्या डब्यात मॅगी आली. आम्हाला हे बरोबर वाटत नाही, एवढे म्हणून पुढे जातो.

काही घरांत डाळ म्हणजे गरिबी, अशी समजूत आहे. पाहुण्यापुढे डाळ ठेवायची लाज वाटते. पण आपले जुने दस्तरखान आठवून पाहा. दालचा म्हणजे काय? चण्याची डाळ, दुधी, चिंच आणि थोडे हाडाचे मटण. मोहरमचा खिचडा म्हणजे गहू, चार-पाच डाळी आणि मांस, तासन् तास घोटलेले. शामी कबाबात खिमा असतो तशी चण्याची डाळ असतेच; ती नसेल तर कबाब बांधलाच जात नाही. मसूर-खिमा, दाल-गोश्त, सगळीकडे हीच जोडी. आपल्या नानी-दादींना प्रथिने हा शब्द माहीत नव्हता, पण थोडे मांस घरभर पुरवायचे कसे, हे पक्के माहीत होते.

हिशेबानेही ते बरोबर उतरते. पाव किलो मटण आणि पाव किलो चण्याची डाळ घेऊन सहा माणसांचा दालचा केला, तर मटणातून साधारण ३५ ग्रॅम प्रथिने येतात आणि डाळीतून ५० च्या वर. माणशी १४ ग्रॅम पडतात, म्हणजे रविवारच्या अर्ध्या किलो कोंबडीत पाच जणांना जेवढी मिळत होती तेवढीच. आणि बरोबरच्या भाताची किंवा भाकरीची वेगळी. शिवाय धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर आहे. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यात मिळते. म्हणून डाळ-भात, डाळ-रोटी, खिचडी ही एकमेकांची उणीव भरून काढणारी जेवणे आहेत. बिर्याणीने मात्र आपली ही सवय मोडली. बिर्याणीत मांस आणि तांदूळ, मध्ये डाळ नाहीच; मग चार माणसांना किलोभर मांस लागते आणि खिसा रिकामा होतो. लग्नात खावी, बिर्याणीशी आमचे भांडण नाही.

एका वर्षी आठवीच्या वर्गाला आम्ही गणिताच्या निमित्ताने एक काम दिले होते. घरात आठवडाभर कोणी काय खाल्ले, ते रकाने पाडून लिहायचे. अब्बांचा रकाना भरलेला, भावांचा भरलेला. अम्मीच्या रकान्यात दोन-तीन मुलींनी दुपारी आणि रात्री एकच शब्द लिहून आणला होता, "बचा हुआ". उरलेले. मुलींनी तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून लिहिले होते. कोणाच्या घरावर बोट ठेवायचे नाही म्हणून वर्गात आम्ही त्यावर काही बोललो नाही. पण या पानावर बोलायलाच हवे.

उरलेल्यात भात उरतो, रस्सा उरतो. बोटी आणि घट्ट डाळ उरत नाही. सकाळी चहा-खारी, दुपारी भातावर पातळ वरण, रात्री दोन रोट्या आणि शोरबा, हे सगळे जोडले तर पंचवीस ग्रॅमही होत नाहीत. आणि बहुतेक घरांत ती बाई गरोदर असते तेव्हाही ताट हेच. तिचे ४६ ग्रॅम मांसाशिवाय कसे जमतात पाहा. सकाळी दोन चपात्या आणि एक अंडे, १२. दुपारी मूठभर डाळीचे घट्ट वरण आणि भाकरी किंवा भात, १४-१५. चहाबरोबर टोस्टऐवजी मूठभर फुटाणे, ६. रात्री मटकीची वाटीभर उसळ आणि दोन चपात्या, १३. झाले. यात महागडे काहीच नाही. फक्त वाढताना तिची वाटी आधी बाजूला काढून ठेवावी लागते. ती बहुधा स्वतः काढणार नाही. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने काढली तर निघेल.

घरच्या पुरुषाचे थोडे वेगळे असते. १९४८च्या कारखाना कायद्याने २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन बंधनकारक केले, त्यामुळे मोठ्या कंपनीत उसळ-डाळ-दही ताटात येते. भोसरी-तळवडे-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये ते नसते, तिथे डबाच. फर्स्ट शिफ्टचा डबा पहाटे भरावा लागतो, म्हणून त्यात बटाट्याची भाजी आणि चार चपात्या जातात. रात्रीच मटकी किंवा हरभरे भिजत घाला, पहाटे कुकरला तीन-चार शिट्ट्या देऊन कांद्यावर परता. बटाट्याइतकाच वेळ लागतो. सेकंड आणि नाईटवाल्यांच्या खिशात शेंगदाणे-फुटाणे असावेत. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिने असतात. तीन शिफ्ट धावणाऱ्या माणसाला कंपनीच्या फाटकाबाहेरच्या वडापावपेक्षा हे किती बरे! त्याच वडापावच्या पैशांत दोन अंडीही येतात.

अंड्याचे काय सांगावे. एका अंड्यात सहा ग्रॅम, सहज पचणारी, मुलांना आवडणारी. देशभरातल्या अंड्यांचे भाव सुचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासून आपल्या पुण्यातच आहे. अंड्यावरून शाळेची गोष्ट निघते. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळीत ते १२ ग्रॅम कसेबसे बसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्याला केळे, देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्याचा वेगळा निधी थांबवला. शाळांनी हवे तर लोकसहभागातून द्यावे, असे म्हटले. ज्या वस्तीत लोकसहभागाची ऐपत आहे तिथल्या मुलांना घरीही अंडे मिळते, हे निर्णय घेणाऱ्यांना कोणी सांगायचे? तरी जिथे शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिथे पालकांनी हा विषय काढावा. आपल्या मशिदी आणि जमाती लग्नाच्या हॉलसाठी वर्गणी काढतात. महिन्याच्या चार अंड्यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

आता पावडरचा डबा. त्यातल्या एका मापात साधारण चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे चार अंडी. वर सांगितलेल्या २०२४च्या तत्त्वांत अशा पावडरी टाळाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. भगिनी, मुलाला सांगा की तो डबा ज्या पैशांत येतो, त्यात घरातल्या सहाही माणसांची महिन्याची अंडी येतात. तरी हट्ट धरला तर सोयाबीनच्या वड्या आणा. कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ५० ग्रॅम प्रथिने असतात. गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, बारीक करून खिम्यात अर्ध्याला अर्ध्या मिसळा. आले-लसूण थोडे जास्त घाला. घरचे ओळखणार नाहीत. कोकणातून आलेल्या घरांना सुकट, बोंबील आणि सोडे सांगायची गरज नाही; एवढेच की चटणीपुरते न ठेवता वांग्यात, बटाट्यात घालावेत. खारवलेले असतील तर आधी धुऊन घ्यावेत, विशेषतः घरात ब्लडप्रेशर असेल तर. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी यातले काहीही वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

रमजानमध्ये आपण हे सगळे आपोआप करतो. सहेरीला अंडे-दही, इफ्तारीला उकडलेले चणे. शव्वालचा चाँद दिसला की चणे परत डब्यात जातात आणि वर्षभर तिथेच राहतात.

एक शेवटचे, कारण फार घरांत पाहिले आहे. बाळाला सहा महिने झाले की डाळीचे वरचे पाणी चमच्याने पाजतात आणि ते फार ताकदीचे समजतात. त्या पाण्यात जवळजवळ काही नसते. डाळ खाली राहते आणि मोठी माणसे ती खातात. बाळाला ती खालची डाळच द्यावी, घोटून, मऊ भातात कालवून, वर थोडे तूप घालून.