रोजा आणि त्यातील सवलत (थ्रेड)

रमजानच्या रोज्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात भर बहुधा कष्टावर असतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. हे खरेच. पण ज्या आयतींनी हे व्रत बंधनकारक केले, त्यांचा सूर काहीसा निराळा आहे.

रोजा फर्ज झाला हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ च्या सुमारास. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील १८३ वी आयत आज्ञा देते आणि हेतूही सांगते : 'तक्वा', म्हणजे ईश्वराची जाणीव ठेवून स्वतःला आवरणे. लगेच पुढच्या आयतीत सवलत येते. आजारी माणसाने आणि प्रवाशाने ते दिवस नंतर भरून काढावेत. १८५ व्या आयतीत रमजानचे नाव येते, आणि तेथेही हीच सवलत पुन्हा सांगितलेली आहे. आज्ञा आणि सवलत एकाच श्वासात!

आरंभीचा नियम आजच्याहून कठोर होता. सूर्यास्तानंतर जेवण्यापूर्वी झोप लागली, तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उपाशी राहावे लागे. हदीसच्या ग्रंथांत कैस बिन सिर्मा या अन्सारी गृहस्थाची हकीकत आहे. रोजा सोडण्याच्या वेळी ते घरी आले तेव्हा घरात अन्न नव्हते. पत्नी काही मिळते का ते पाहायला गेली आणि दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या कैस यांचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी मध्यान्ही ते बेशुद्ध पडले. त्यानंतर १८७ वी आयत आली आणि पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मोकळीक मिळाली. (अदी बिन हातिम यांनी हे शब्दशः घेऊन उशीखाली खरेच दोन दोऱ्या ठेवल्या होत्या. धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड, हे पैगंबरांना समजावून सांगावे लागले.) आजची सहरी या आयतीवर उभी आहे.

पण या विषयातील सर्वांत बोलका प्रसंग इ.स. ६३० च्या जानेवारीतला, मक्केच्या मोहिमेतला. महिना रमजानचा, पैगंबरांचा आणि सैन्याचाही रोजा. वाटेत पैगंबरांनी पाण्याचे पात्र मागवले, सर्वांना दिसेल असे उंच धरले आणि ते प्यायले. तरीही काहींनी रोजा सोडला नसल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्या लोकांना आज्ञाभंग करणारे म्हटले. अधिक सोसणारा तो अधिक धार्मिक, हे समीकरण इतक्या आरंभीच नाकारले गेले होते.

याच प्रसंगाचा आधार १९६० मध्ये ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी घेतला. देश चार वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला, दारिद्र्य मोठे. मागासलेपणाविरुद्धची लढाई हाही जिहादच, तेव्हा उत्पादनाच्या आड येत असेल तर रोजा सोडावा, असा त्यांचा युक्तिवाद. उलेमांना तो पटला नाही आणि बहुसंख्य जनता रोजे धरतच राहिली. बुर्गिबांना इतिहास ठाऊक होता, उपयोग मात्र चुकला. मोहीम कधीतरी संपते, प्रवासी घरी पोहोचतो आणि सुटलेले रोजे भरून काढतो. राष्ट्राचा विकास कोणत्या रमजानपूर्वी संपणार होता? शिवाय सवलत थकलेल्या माणसासाठी आहे. धडधाकट माणसाने ती घ्यावी असे शासनाने सुचवू लागणे ही निराळीच गोष्ट.

आज मात्र चूक बहुधा उलट दिशेने होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांच्या पाहणीत टाइप २ च्या रुग्णांपैकी सुमारे ७९ टक्के आणि टाइप १ च्या सुमारे ४३ टक्के रुग्णांनी महिन्यात किमान पंधरा रोजे धरले होते. रमजानमध्ये रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण दोन्ही गटांत कित्येक पटींनी वाढलेले आढळले. रोजा धरण्यामागे श्रद्धा असतेच. पण घरात सगळे उपाशी असताना एकट्याने जेवायला बसण्याचा संकोचही असतो, आणि तो संकोच समाजाने निर्माण केलेला आहे. ग्रंथात त्याला आधार नाही. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, त्याच्यासाठी शास्त्रात 'फिदया' आहे : सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण.