दोन टक्क्यांत साइटवर कोण उभं राहणार?

महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती निघाली की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जो सगळ्यात कमी टक्के मागेल, त्याला नेमा." कामावर देखरेख ठेवणारी संस्था, जिला आपण सगळे पीएमसी म्हणतो, ती बहुतेक ठिकाणी अशीच निवडली जाते. बोलणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्कातला, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतला. उद्या कोणी बोट दाखवू नये ही काळजी रास्तच आहे. पण या मार्गाने पैसा वाचत नाही, हे मी इमारत समितीवर बसून पाहिलं आहे.

साधा हिशेब मांडू. काम ३ कोटींचं, मुदत १८ महिने. एक संस्था ४ टक्के मागते, दुसरी २. दुसरीला नेमलं तर ६ लाख वाचले, असं इतिवृत्तात लिहिलं जातं. आता तिला मिळणारे ६ लाख १८ महिन्यांवर वाटा: महिन्याला ३३ हजारांच्या आसपास. त्यातून कार्यालयाचा खर्च, जाणं-येणं, बिलांची तपासणी आणि संस्थेचा नफा वजा करा. उरलेल्या पैशात अनुभवी अभियंता दिवसभर साइटवर कसा राहील? तो आठवड्यातून एकदा येणार, फोटो काढणार आणि कंत्राटदाराने पुढे केलेल्या मोजमापांवर सही करणार.

यावर जाणकार मंडळी केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांचा दाखला देतात. २०१७च्या नियमावलीतला नियम १९३ सल्लागार निवडताना किमान खर्चाची पद्धत मान्य करतो, हे खरं आहे. पण कशासाठी? ठरावीक, नेहमीच्या स्वरूपाच्या कामांसाठी. त्याच्याच आधीचा नियम १९२ गुणवत्ता आणि खर्च दोन्ही तोलायला सांगतो आणि गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत वजन देऊ देतो. हे नियम खासगी संस्थेला थेट लागू नाहीत. तरी त्यांचा आधार घ्यायचाच तर दोन्ही वाचावेत. जुन्या इमारतीची दुरुस्ती ठरावीक काम कधीच नसतं. गिलावा फोडेपर्यंत आतली सळई किती गंजली आहे ते नेमकं कळत नाही. हातोडी-चाचणी आणि ध्वनिलहरींची चाचणी काँक्रीटच्या दर्जाचा अंदाज देतात. निर्णय तिथे उभ्या असलेल्या माणसालाच घ्यावा लागतो. अमेरिकेत तर १९७२च्या ब्रूक्स कायद्याने संघराज्य सरकारच्या कामांसाठी वास्तुविशारद आणि अभियंते आधी पात्रतेवर निवडायचे आणि मोबदल्याची बोलणी नंतर करायची, असं ठरवलं. कॅलिफोर्नियाच्या तशाच कायद्यात बांधकाम व्यवस्थापन संस्थांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

"आपल्याकडे स्थापत्य विभागाचे प्राध्यापक आहेत, ते बघतील," हा दुसरा युक्तिवाद. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण सळई बांधून झाली की काँक्रीट पडेपर्यंत काही तासच ती दिसते. ते तास मंगळवारी अकराला आले आणि सरांचा तास अकरालाच असला, तर बघणार कोण? वास्तुविशारद आहेतच, असंही म्हणतात. त्यांचं काम आराखड्याचं. रोजची देखरेख त्यांच्या करारात सहसा नसते.

माझ्या मनात सलणारी गोष्ट ग्रंथालयाच्या गच्चीची आहे. ब्रिकबॅट कोबा झाला, पण पाणी कोंडून ४८ तास गळती पाहायची चाचणी कोणी घेतलीच नाही. देखरेखीला स्वस्तात नेमलेली संस्था होती. तिचा माणूस त्या आठवड्यात आला नव्हता. जुलैत संदर्भ विभागाच्या कपाटांवर पाणी ठिबकू लागलं. भिजलेले जुने अंक आम्ही परीक्षा हॉलमध्ये पंख्याखाली पसरून वाळवले. कितीतरी पानं एकमेकांना चिकटली ती कायमचीच.

कमी-जास्तीपेक्षाही मला खटकतो तो मुळात टक्का. कामाचा खर्च ३ कोटींवरून ४ कोटींवर गेला की २ टक्क्यांचे ६ लाख ८ लाख होतात. ज्याने वाढीव कामाला नाही म्हणायचं, त्याचाच मोबदला त्या वाढीबरोबर वाढतो. म्हणून मोबदला महिन्यावारी ठरावा, अभियंत्याच्या हजेरीशी बांधावा. "मग ते काम रेंगाळत ठेवतील," हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यावर उपाय आहे: एकूण रकमेला कमाल मर्यादा घालावी आणि काही हिस्सा दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत राखून ठेवावा.

निवड करताना संचालकांचं सादरीकरण थोडक्यात आटपावं आणि साइटवर प्रत्यक्ष राहणाऱ्या अभियंत्याला समोर बसवावं. त्याच्या हाती आपलं शैक्षणिक वेळापत्रक द्यावं आणि विचारावं: गच्चीचं काम कधी धराल? प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना प्रयोगशाळेच्या मजल्यावर तोडफोड कशी टाळाल? परांचीखालून मुलांची ये-जा कशी वळवाल? उन्हाळी सुट्टी आणि पाऊस यांच्यामधला वेळ किती थोडा असतो, हे ज्याला सांगावं लागतं, त्याने महाविद्यालयात काम केलेलं नाही. त्या संस्थेने आधी दुरुस्त केलेली एखादी गच्ची समितीने भर पावसात जाऊन पाहावी आणि तिथल्या शिपायाशी बोलावं. बादल्या कुठे ठेवाव्या लागतात, ते त्याला ठाऊक असतं.

आमच्या विज्ञान इमारतीसाठी आता दोन-लिफाफा पद्धतीने प्रस्ताव आले आहेत. दराचे लिफाफे आधी फोडावेत अशी सूचना आहे. माझा तिला लेखी विरोध आहे. आधी अभियंत्यांच्या मुलाखती होऊ द्या, त्यांचे गुण इतिवृत्तात नोंदवा, त्याखाली सगळ्या सदस्यांच्या सह्या घ्या. दराच्या लिफाफ्यांना त्यानंतर हात लावा.